‘तीच गाडी’ म्हणजे कोणती? : एका जुन्या जीपच्या दुरुस्तीतून सुटत आलेला प्रश्न



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर आयोजकांनी मला दोनदा फोन करून विचारलं, ‘‘सर, नक्की जीपवरच बोलणार ना?’’ हो, जीपवरच बोलणार आहे. चाळीसएक वर्षं वर्गात ‘तादात्म्य’ हा विषय शिकवला. एखादी वस्तू काळाच्या ओघात बदलते, तरी ती ‘तीच’ आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, हा तो प्रश्न. वर्गात मी तो फळ्यावर सोडवायचो. निवृत्तीनंतर चार मित्रांनी मिळून एक फोर-व्हील-ड्राइव्ह जीप दुरुस्त करायला घेतली, आणि फळ्यावर सुटलेलं गणित शेडमध्ये सुटेना. ते कसं, ते आज सांगतो.

आधी गाडीची ओळख करून देतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. आराखडा एकच होता, सुटे भाग एकमेकांना बसत. गंमत अशी की फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टवरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटवलं. आज जगभरचे हौशी लोक त्या ‘एफ’वाल्या बोल्टसाठी जीव टाकतात. दुसरा बोल्ट तितकाच घट्ट बसतो, तरी त्यांना तोच हवा असतो. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

युद्ध संपल्यावर विलिसने नागरी जीप काढल्या. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत महिंद्रा कंपनीने मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली. आपल्याकडे खेडोपाडी दिसायची ती उंच बॉनेटची जीप म्हणजे सीजे-थ्री-बी. विलिसने हे मॉडेल १९५३ साली आणलं. अमेरिकेत ते १९६८ साली बंद झालं, आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिलं. बॉनेट उंच का? तर आत नवं इंजिन बसवायचं होतं. त्याचे पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर उचललं. दिसायला ती जरा बेढबच झाली, पण आमच्यासारख्यांना तीच सुंदर वाटते.

आमची गाडी १९६२ सालची. माझा एक मित्र निफाडकडचा द्राक्ष बागाईतदार. त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, ती १९७४ साली दुसऱ्या हाताने घेतली. बागेतली औषधं, क्रेट, मजूर, पिंपळगावचा बाजार, लग्नाचं वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, सगळं त्या गाडीने वाहिलं. पुढे पिकअप आली, जीप गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गेली आणि वीसएक वर्षं तिथेच राहिली. आप्पा गेल्यावर मित्र म्हणाला, ‘‘अरे, आप्पांची गाडी चालू करायची आहे. येता का?’’ तेव्हा आम्ही चौघे जमलो : तो बागाईतदार, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला एक इंजिनिअर, बँकेतून निवृत्त झालेला एक आणि मी. शिवाय एक मिस्त्री. वयाने आमच्याहून लहान, पण शेडमध्ये आमचा गुरू. दर रविवारी काम. चार वर्षं लागली.

पहिल्याच महिन्यात माझं अज्ञान उघडं पडलं. डाव्या बाजूचं चाक काढायचं होतं. मी नटाला पाना लावला आणि जोर लावत राहिलो. नट हलेना. पान्याला पाइप घातला, वर उभा राहिलो. कट्ट आवाज झाला आणि स्टड तुटला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, ‘‘सर, डाव्या बाजूला उलटे आटे असतात.’’ या जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, चाक फिरताना ते आपोआप सैल होऊ नयेत म्हणून. मी नट सोडवत नव्हतो, आवळत होतो. गिल्बर्ट राइल नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली ‘अमुक असं आहे हे ठाऊक असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं हे येणं’ यांत फरक केला. तो मी पंचवीस बॅचना शिकवला होता. तुटलेला स्टड हातात धरल्यावर तो मला कळला.

आता फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणजे नेमकं काय, ते दोन मिनिटांत सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. साध्या जीपगाडीत इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून मागच्या चाकांना जाते. इथे गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्स्फर केस. ती ताकद मागे आणि पुढे वाटते. गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे असतात. एकाने पुढचा आस जोडायचा किंवा सोडायचा. दुसऱ्याने हाय किंवा लो निवडायचं. लो म्हणजे वेग साधारण अडीचपट कमी आणि ओढ तितकीच जास्त. पहिला गिअर, लो आणि आसाचं गुणोत्तर यांचा गुणाकार केला तर सदतीसच्या आसपास येतो. म्हणजे इंजिन सदतीस वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. म्हणूनच साठ-सत्तर अश्वशक्तीची ही गाडी चिखलातून भरलेला ट्रेलर ओढून काढते.

पण डांबरी रस्त्यावर पुढचा आस जोडून चालवायची नाही. का? वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. या गाडीत पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले, दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. चिखलात चाक जरा घसरतं आणि हिशेब जुळतो. डांबरावर घसरायला जागा नसते, मग पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, गिअरच्या दातांत साठत जातो आणि एक दिवस काहीतरी मोडतं. आप्पांना हे माहीत होतं. त्यांचे ड्रायव्हर विसरत. आमच्या गाडीचे ट्रान्स्फर केसचे दात झिजलेले मिळाले ते त्यामुळेच, असं मिस्त्रींचं मत.

तर आम्ही गाडी उघडत गेलो तसे एकेक भाग बाद होत गेले. तळाचा पत्रा गंजून चाळण झालेला. मागचे पाटे तुटलेले. पुढच्या आसाचे किंगपिन बेअरिंग गेलेले. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. शेडच्या कोपऱ्यात एक मोठा ड्रम ठेवला होता, त्यात बाद भाग टाकायचो. तिसऱ्या-चौथ्या रविवारी तो ड्रम निम्मा भरला, तेव्हा मला राहवलं नाही. चहा पिता पिता मी मित्रांना ग्रीक कथा सांगितली.

थीसियस या वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की काढायची, नवी बसवायची. करता करता सगळ्या फळ्या बदलल्या. जहाज तेच का? ही कथा प्लुटार्कने सांगितली. सतराव्या शतकात हॉब्सने तिला आणखी एक पीळ दिला. समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कोणीतरी जपून ठेवल्या आणि त्या जोडून दुसरं जहाज उभं केलं, तर थीसियसचं जहाज कुठलं? मी ड्रमकडे बोट दाखवून म्हणालो, ‘‘उद्या कोणी या ड्रममधून जीप जोडली तर आप्पांची गाडी ती. ही नाहीच.’’

बँकवाला मित्र हसला. बागाईतदार मित्र हसला नाही. त्याने कप खाली ठेवला, ‘‘बागेत पाणी सोडायचंय’’ म्हणाला आणि निघून गेला. त्या रविवारी तो परत आला नाही.

घरी येताना मला वाटत होतं की माझा युक्तिवाद बरोबर आहे आणि त्याला उगाच लागलं. रात्री वाटायला लागलं की एखाद्या माणसाला इतकं लागतं, तेव्हा युक्तिवादातही काहीतरी चुकलेलं असण्याची शक्यता आहे. त्याचा शोध मी पुढची तीन वर्षं घेतला.

आपल्या परंपरेत हा प्रश्न वाहनावरूनच विचारला गेला आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा म्हणतो, मी रथातून आलो. नागसेन विचारतो, रथ म्हणजे आस का? चाकं का? सांगाडा का? जू का? लगाम का? राजा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणतो. मग या सगळ्यांहून वेगळा रथ कुठे आहे? तोही दिसत नाही. शेवटी राजाच्याच तोंडून येतं, की या सगळ्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव व्यवहारात वापरलं जातं, एवढंच.

न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खरोखर असतो. गाडी ही सुट्या भागांची नुसती रास नाही. पण त्यांनाही किंमत मोजावी लागते. एक अवयव काढला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या अवयवांतून नवा अवयवी जन्मतो. म्हणजे एक नट बदलला की गाडी नवी! मग ‘हीच ती’ असं आपण म्हणतो ते कसं? तर कापलेले केस पुन्हा वाढतात आणि आपण ‘तेच केस’ म्हणतो, तसं, सादृश्यामुळे.

म्हणजे पाहा, बौद्ध म्हणतात गाडी हे नाव आहे, नैयायिक म्हणतात गाडी खरी आहे पण दर रविवारी नवी आहे. माझ्या मित्राच्या ‘आप्पांची गाडी’ला दोन्हीकडे जागा नाही.

आता सरकार काय म्हणतं ते बघू, कारण सरकारला उत्तर द्यावंच लागतं. आरटीओच्या लेखी गाडी म्हणजे चासीचा आकडा आणि इंजिनाचा आकडा. पत्रा, पाटे, सीट बदला, कोणी विचारत नाही. इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करता येत नाही आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी असेल तर ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. मात्र मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही.

इथे ‘मूळ स्वरूप’ हा शब्द आला, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

आमच्या शेडमध्ये त्यावरून खरोखरचं भांडण झालं. रंग खरवडला तेव्हा चार थर निघाले. सगळ्यात वर आप्पांनी मारलेला निळा, खाली करडा, त्याखाली दोन हिरवे. डॅशबोर्डला एक जादा भोक होतं, फवारणी पंपाच्या दिव्याचं बटण बसवायला पाडलेलं. मागे क्रेट अडकवायला आप्पांनी लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा वेल्ड करून घेतला होता. डाव्या मडगार्डला पोचा होता, मित्र बारा वर्षांचा असताना पहिल्यांदा गाडी शिकताना त्याने विहिरीच्या कठड्याला घासली तेव्हाचा. बँकवाल्या मित्राचं म्हणणं, सगळं काढा, कारखान्यातून आली तशी करा. नाही तर मग ऑलिव्ह हिरवा रंग मारून बॉनेटवर पांढरा तारा काढू, मस्त दिसेल. इंजिनिअर मित्र एरवी कमी बोलायचा. तो म्हणाला, ‘‘ही गाडी बासष्टची. युद्ध पंचेचाळीसला संपलं. तारा काढला तर ती खोटं बोलेल.’’

मी त्या वाक्याशी थबकलो. गाडी खोटं बोलेल म्हणजे काय? गाडीला इतिहास आहे आणि आपण तिच्यावर जे करतो ते त्या इतिहासाबद्दलचं विधान असतं. ते खरं असू शकतं किंवा खोटं. मग ‘मूळ’ म्हणजे १९६२ सालचा कारखान्यातला दिवसच का धरायचा? तो दिवस गाडीच्या आयुष्यातला एक दिवस. १९७४ चा दुसरा. कठड्याला घासली तो तिसरा. कारखान्याचा दिवस मूळ मानून बाकीचे पुसले तर बासष्टची एक निनावी जीप मिळेल, आप्पांची मिळणार नाही. म्हणजे पोचा काढून, भोक बुजवून, सगळे भाग कंपनीचे अस्सल लावूनही ती ‘तीच’ राहणार नाही. उलट पाटे नवे टाकूनही राहील.

मग माझ्या लक्षात आलं की चहाच्या वेळी माझं काय चुकलं. मी भाग मोजत होतो. किती टक्के जुने, किती टक्के नवे. थीसियसच्या कोड्यात जहाज धक्क्याला बांधून ठेवलेलं आहे, त्याचं काम कोणतं, कोण चालवतो, फळी का कुजली, कोणी बदलली, हे त्यात येत नाही. नागसेनाने स्वतःच पुढे दुसरा दृष्टांत दिला आहे. रात्रभर जळणारा दिवा. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नाही, पण निराळीही नाही, कारण एकीच्या आधाराने दुसरी पेटत आली. दुरुस्तीचं तसंच असतं. जुना पाटा मापाला धरून नवा पाटा बनतो. जुन्या भोकात नवा बोल्ट बसतो. प्रत्येक नव्या भागाला जुन्याने जागा आखून दिलेली असते. ड्रममधल्या भागांत हे नातं उरलेलं नसतं. ते जुने आहेत, पण एकमेकांच्या कामाला आता येत नाहीत.

याची परीक्षा इंजिनात झाली. ब्लॉकला तडा होता, धुराच्या व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडे गेलेला. या इंजिनात धुराचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, त्यामुळे तिथे फार ताप. पाणी कमी पडलं की बीड तिथेच तडकतं. तीन रस्ते होते. एक, डिझेल इंजिन टाकणं. आपल्याकडे असंख्य पेट्रोल जीपचं हेच झालं, पेट्रोल परवडेना म्हणून. दोन, भंगारातून त्याच जातीचा चांगला ब्लॉक आणणं. तो अगदी ‘मूळ’ तपशिलाचा, पण त्यावर दुसऱ्या गाडीचा आकडा. तीन, तडा शिवणं. बीड वेल्ड करणं अवघड, थंड होताना शेजारी नवा तडा जातो. म्हणून तड्याच्या रेषेवर भोकं पाडून, आटे कापून, एकमेकांत गुंतणारे प्लग ओळीने बसवतात. सगळं थंडपणी. मग सीटची नवी रिंग, सिलिंडरला स्लीव्ह.

दुसरा रस्ता सोपा होता. मी विचारलं, ‘‘मिस्त्री, तुम्ही काय कराल?’’ ते म्हणाले, ‘‘सर, शिवता येत असेल तर बदलायचं कशाला? बदलायचंच झालं तर का बदललं ते मालकाला सांगता आलं पाहिजे.’’

तत्त्वज्ञानाच्या भाषेत मी ते असं मांडेन. ‘ही तीच आहे’ हे वाक्य हवामानाच्या वर्णनासारखं नाही. ते बरंचसं हमीपत्रासारखं आहे. ते म्हणणारा एक जबाबदारी घेतो : मी जे बदललं ते गरज होती म्हणून बदललं, का ते सांगू शकतो, आणि जे टिकवता येत होतं ते टिकवलं. ही जबाबदारी पाळली तर नव्वद टक्के भाग बदलूनही गाडी तीच. ती सोडली, तर एकाच दिवसात निराळी. यावर तुम्ही म्हणाल, सर, मग हे माणसांच्या मनावर आलं, वस्तूत काही नाही. तसं नाही. हमी खोटी ठरू शकते. चासीच बदलून जुना आकडा ठोकला, तर कितीही मनापासून म्हणा, ती तीच नाही. हमी पाळायला वस्तूतली साखळी अखंड लागते. पण नुसती साखळी पुरत नाही, ती राखणारं कोणीतरी लागतं.

आमच्याकडे ते काम इंजिनिअर मित्राने केलं. दोनशे पानी वही. तारीख, काढलेला भाग, कारण, बसवलेला भाग, माप, कोणी बसवला. माझ्या तुटलेल्या स्टडचीही नोंद आहे, ‘कारण’ या रकान्यात ‘प्राध्यापक’ लिहिलेलं. ब्लॉक शिवला, पोचा ठेवला, भोक ठेवलं, क्रेटचा सांगाडा गंज काढून तसाच लावला, रंग आप्पांचा निळा मारला. इतके फेरफार असलेली गाडी विंटेज नोंदणीत बसेल का, हा प्रश्न पुढे आला तेव्हा मित्र म्हणाला, ‘‘नको. मला ती बागेत न्यायची आहे.’’ साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करत राहायचं ठरलं.

२०१९ च्या दिवाळीत गाडी बाहेर काढली. लोमध्ये टाकून बागेच्या ओल्या बांधावरून नेली. मित्राची आई ओट्यावर बसली होती, तिला कमी दिसतं. आवाज ऐकून ती म्हणाली, ‘‘आज लवकर आले वाटतं.’’ आम्ही कोणी काही बोललो नाही.

मी त्या दिवशी मित्राची माफी मागितली. म्हणालो, ‘‘ती गाडी आप्पांचीच आहे, मी चुकलो होतो.’’ तो म्हणाला, ‘‘तू चुकलास ते मला तेव्हाच ठाऊक होतं. का चुकलास ते सांगता येत नव्हतं.’’ चाळीस वर्षांत माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन कोणी केलं नव्हतं.

इंजिनिअर मित्र २०२१ साली गेला. वहीत त्याचं अक्षर एका पानावर थांबतं, पुढच्या पानापासून मिस्त्रींच्या मुलाचं सुरू होतं. त्याने रकाने तेच ठेवलेत. आम्ही रविवारी अजून जमतो. सध्या पुढच्या आसाच्या ऑइल सीलमधून तेल गळतंय. फेल्ट बदलून पाहिलं, गळती कमी झाली, पूर्ण थांबली नाही. येत्या रविवारी तो नकल पुन्हा उघडायचा आहे.

आता प्रश्न घेऊ. फक्त एक विनंती, ड्रमचं काय झालं हे विचारू नका. तो अजून कोपऱ्यातच आहे, आणि तो भंगारात द्यायचा की नाही यावर आमचं एकमत झालेलं नाही.